नवऱ्याची गाडी, दादाची गाडी

लग्न होऊन मी पांढुर्ण्याहून सौंसरला आले तेव्हा ह्यांची गाडी अजून आलेली नव्हती, पण घरात तिची जागा ठरलेली होती. दुकानामागच्या अंगणात पत्र्याची शेड बांधून तयार होती आणि शेडमध्ये फरशी बसवलेली होती. आमच्या स्वयंपाकघरात तेव्हा सारवलेली जमीन होती. सासूबाई हसून म्हणायच्या, "तुझ्याआधी तिचा नंबर लागला आहे बरं." नंबर म्हणजे बुकिंगचा नंबर. तेव्हा छोटी जपानी इंजिनाची गाडी हवी तर नाव नोंदवून वर्षानुवर्षं वाट पाहावी लागे.

ह्यांचं कापडाचं दुकान होतं. सौंसरच्या बाजारात ह्यांच्यासारखी रंगाची नजर कोणाला नव्हती. बाई नुसती साडी घेऊन आली तरी त्यावर कोणता ब्लाउजपीस खुलेल हे ते ठाण न उघडता सांगत. माझ्या साडीची किनार आणि बांगड्या जुळत नसल्या की त्यांना जेवतानाही दिसायचं. मी दोन दिवस कोणाशी बोलले नाही तर मात्र लक्षात येत नसे. वाईट स्वभाव नव्हता त्यांचा. एवढंच, की त्यांना जे दिसायचं ते वरवरचं दिसायचं.

गाडी आली ती पांढरी. पहिल्या शनिवारी आम्ही तिला जामसावळीला मारुतीच्या दर्शनाला नेलं, हार घातला, नारळ फोडला. त्यानंतरचं वर्षभर हे तिला सजवत होते. दर रविवारी नागपूरहून काहीतरी यायचं. आधी गादीवर बटणं ठोकलेलं मरून रेक्झिन आलं, मग जाड टायर आले, चाकांवर चकाकत्या झाकण्या आल्या, चार सुरांचा हॉर्न आला. समोर धुक्याचे दोन मोठे पिवळे दिवे बसले आणि त्यांच्यामागे चकचकीत जाळी बसली. दोन्ही बाजूंनी लाल-काळे पट्टे चिकटवले. शेवटी एका मिस्त्रीकडून चारही स्प्रिंगांचे वेढे कापून घेतले, म्हणजे गाडी जमिनीलगत बसली. एका परदेशी मासिकात ह्यांनी तसं चित्र पाहिलं होतं. काचांवर काळी फिल्म लावली.

गाडीत बसताना चपला काढून हातात घ्याव्या लागत. आत संत्रं सोलायला बंदी होती, आमच्या गावात, जिथे डिसेंबरात रस्त्यानं चालतानाही लोक संत्रं सोलतात. एकदा बाजारातून जाताना माझ्या शाळेतल्या मैत्रिणीला मी पाहिलं. ती लग्नानंतर लोधीखेड्याला असे, बऱ्याच वर्षांनी दिसली होती. मी हात हलवला, काचेवर टकटकही केली. तिनं गाडीकडे पाहिलं, काळ्या काचेत स्वतःचं कुंकू सारखं केलं आणि निघून गेली. कॅसेट जोरात चालू होती. "थांबा नं जरा," मी म्हटलं, ते ह्यांना ऐकू गेलं नाही.

माझा दादा, मोठा भाऊ, पांढुर्ण्याला गाड्या दुरुस्त करायचा. बाबा मास्तर होते. मुलानं हात काळे करावेत हे त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही. ते गेल्यावर दादा आणि आई दोघंच घरात उरले. दादानं लग्न केलं नव्हतं. नागपूरच्या एका गॅरेजमध्ये त्यानं तसलीच एक जपानी छोटी गाडी पाहिली, अपघातात चेपलेली, भंगारात निघालेली. ती तो ट्रकवर घालून घरी घेऊन आला. आठ महिने खपून त्यानं ती उभी केली. एक दार निळं, एक पांढरं, मागचा बंपरच नाही. मागची गादी काढून टाकलेली, पायाखालचं रबर काढून टाकलेलं. सगळीकडे नुसता पत्रा. पण त्यानं इंजिन खोलून हेड घासलं होतं, कार्बोरेटर स्वतःच्या हिशेबानं बसवला होता, सायलेन्सर घरी बनवला होता. ती गाडी सुरू झाली की आईच्या फळीवरची भांडी वाजायची. आणि पळायची अशी, की नागपूरची बस सुटून गेली असली तरी दादा पुढच्या थांब्यावर बसच्या आधी पोचून उभा राहायचा.

भाऊबीजेला आम्ही पांढुर्ण्याला गेलो आणि दोन्ही गाड्या एका गल्लीत समोरासमोर उभ्या राहिल्या. शेजारपाजारचे लोक आमच्या गाडीभोवती जमले. दादा एकटाच खाली वाकून चाकांमागे पाहत होता. मग उठला आणि मागच्या बाजूला हातानं दाब देऊन म्हणाला, "कमरेतूनच मोडून ठेवली नं बाप्पा. जावईबुवा, स्प्रिंग काहून कापल्या?"

"दिसते कशी ते पाहा नं दादा," हे म्हणाले. "गाडी म्हणजे माणसाचा पोशाख आहे."

"गाडी पळाली पाह्यजे. नुसती उभी राहून चांगली दिसते, थे तर चौकातला पुतळाही दिसते."

लोक हसले. ह्यांचा चेहरा उतरला. "आणि तुमची? एक दार कुठलं, दुसरं कुठलं. रस्त्यात सोडली तर भंगारवाला उचलून नेईल."

"आधी तिले पकडून तर दाखवा म्हणावं."

मी ओवाळणीचं ताट घेऊन दारात उभी होते. निरांजनातलं तेल संपत आलं होतं. दोघांनी ठरवलं, पुढच्या रविवारी सिल्लेवानीच्या घाटात पाहायचं. पायथ्यापासून वरच्या चहाच्या टपरीपर्यंत.

त्या रविवारी सकाळी घाटाच्या पायथ्याशी दादा आधीच येऊन उभा होता. मी गाडीतून उतरायला लागले तर हे म्हणाले, "तू कुठं चालली? माझ्यासोबत बस."

दादा म्हणाला, "तिचं वजन कायले घेऊन राहिले? तिले इथंच बसू द्या झाडाखाली. मी येऊन घेऊन जाईन."

"बायको म्हणजे वजन नाही," हे म्हणाले.

आमच्या लग्नाला तेव्हा तीन वर्षं झाली होती. तोवर ह्यांनी माझ्याबद्दल, माझ्यासमोर, एवढं चांगलं वाक्य बोललेलं मला आठवत नाही. मी परत आत बसले, चपला मांडीवर घेऊन. दादा माझा सख्खा भाऊ, पण त्या दिवशी आमची गाडी पुढे जावी असं मला मनापासून वाटत होतं.

गेली नाही. दोन वळणं आम्ही त्याच्या मागोमाग होतो. मग दादाची गाडी मोठा आवाज करत झाडांमध्ये दिसेनाशी झाली आणि त्यानंतर तो आवाजही लांब गेला. आमची चढेना. जाड टायर वळणावर आत पत्र्याला घासत होते, जळक्या रबराचा वास येत होता. ह्यांनी गिअर खाली घेतला, पुन्हा घेतला. अर्ध्या घाटात बॉनेटमधून वाफ निघायला लागली. गाडी कडेला लावून हे खाली उतरले आणि पांढऱ्या रुमालानं बॉनेट धरून उघडलं. आम्ही दोघं वाफेकडे पाहत उभे राहिलो. सागाची मोठी वाळकी पानं रस्त्यावर पडत होती. मी म्हटलं, "होईल थंड. थांबू नं थोडं." त्यांनी मान हलवली. मला वाटतं, त्या दहा मिनिटांत आम्ही जितके जवळ उभे होतो तितके त्याआधी क्वचितच राहिलो असू.

मग वरून दादाची गाडी खडखडत खाली आली. त्याच्याजवळ पाण्याचा कॅन होता. त्यानं मनापासून पाणी आणलं होतं, हे मला अजूनही वाटतं. पण तो हसत हसत उतरला. जाळीवर बोटं वाजवून म्हणाला, "हे काढून फेका आधी. इंजिनच्या तोंडावर पदर ओढून ठेवला तुम्ही, मग त्यानं श्वास कुठून घ्यावा?" आणि पुन्हा हसला.

"पाणी तिथं ठेवा," हे म्हणाले. "तुम्ही जा. आम्ही येऊ."

दादा हसायचा थांबला. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. कॅन रस्त्यावर ठेवून तो निघून गेला.

त्यानंतर हे पांढुर्ण्याला गेले नाहीत. भांडण झालं नाही, कोणी कोणाला वाईट बोललं नाही. माहेरचा विषय निघाला की म्हणत, "तू जा नं. बसनं जाऊन ये." दादाच्या गाडीत मी बसलेलं त्यांना चालणार नाही, हे बोलून न दाखवताही मला कळत होतं. दादा सौंसरला आला तरी बाजारात काम करून परस्पर जायचा. सासूबाई त्याच वर्षी वारल्या. घर दुपारभर रिकामं असे. हे संध्याकाळी दुकान बंद करून आले की शेडमध्ये जात, फडकं घेऊन गाडी पुसत. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्यांची पाठ पाहायची. मूलबाळ नव्हतं. शेजारच्या बाया तेच विचारायच्या म्हणून मी ओट्यावर बसणंही सोडलं.

महिन्यातून एकदा मी बसनं पांढुर्ण्याला जायची. आई दुपारची झोपली की मला करमायचं नाही, म्हणून एकदा दादाच्या गॅरेजमध्ये जाऊन बसले. त्यानं हात पुसले, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "चाल, तुले गाडी शिकवतो."

"मला? कशाला?"

"रिकामी बसून तरी काय करून राहिली?"

गावाबाहेर संत्र्याच्या बागांमधून जाणारा एक सरळ रस्ता होता. दुपारी तिथं बैलगाडीशिवाय काही नसायचं. त्या दुरंगी दारांच्या गाडीत मी साडीचा काष्टा खोचून बसायची आणि दादा शेजारी पत्र्यावर हात ठेवून इंजिन ऐकत बसायचा. "कानानं चालव," म्हणायचा. "थे काय बोलून राहिलं, आईक नं. आता दम लागला तिले, गिअर बदल." इंजिन जरा खोकलं तरी त्याला समजायचं, कुठे काय दुखतंय ते.

एकदा चढावर गाडी बंद पडली. पुन्हा सुरू केली, पुन्हा बंद पडली. मी स्टिअरिंगवर डोकं टेकवलं आणि मला रडू फुटलं. आवरेचना. किती तरी दिवसांचं होतं ते. दादा घाबरला. माझ्या खांद्याजवळ हात आणून त्यानं तो मागे घेतला, कारण हाताला ऑइल होतं.

"अवं, रडते काहून? पहिल्या पहिल्यानं सगळ्यांचीच बंद पडते."

मी डोळे पुसले. म्हटलं, "हो नं." आणि गाडी सुरू केली. त्या वेळी उठली चढावरून.

लायसन्सचं काम त्यानंच केलं. छिंदवाड्याला जाऊन मी त्याच्या एका मित्राच्या गाडीवर परीक्षा दिली, आईला सोबत घेऊन, बसनं. पास झाले हे घरी सांगितलं नाही. लायसन्स पेटीत लग्नाच्या शालूच्या घडीत ठेवून दिलं. सांगणार होते, पण रोज वाटे, आज नको.

पुढच्या वर्षी दादाला आखातात एका वर्कशॉपमध्ये नोकरी लागली. त्यानं आपली गाडी विकून टाकली आणि निरोप घ्यायला बसनं सौंसरला आला. हे दुकानात होते. मी निरोप पाठवला. त्यांनी दुकानातूनच मिठाई पाठवली, चांगलं पँटपीस पाठवलं, राखाडी, दादाच्या रंगाला शोभेल असं. स्वतः आले नाहीत. दादानं उभ्यानंच चहा घेतला. जाताना शेडपाशी थांबून गाडीकडे पाहत राहिला. "फार खाली आहे," एवढंच म्हणाला. मी बसपर्यंत गेले. त्यानं आईकडे लक्ष ठेवायला सांगितलं. मला काही विचारावं असं त्याला सुचलं नाही, आणि आपणहून काय सांगावं ते मलाही सुचलं नाही.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात, दुपारी, हे दुकानात शिडीवरून पडले. वरच्या फळीवरचं ठाण काढताना शिडी सरकली. लोकांनी उचलून घरी आणलं. डॉक्टरांनी पायाला फळ्या बांधल्या आणि सांगितलं, मांडीचं हाड आहे, नागपूरला न्या, उशीर करू नका. गावातल्या दोन्ही जीपा लग्नाच्या वरातींना गेल्या होत्या. अंगणात दहा-बारा माणसं जमली होती आणि चर्चा चालली होती, ह्यांची गाडी आहे पण चालवणार कोण. कोणी म्हणालं, अमक्याचा पुतण्या चालवतो, त्याला बोलवा. तो बाहेरगावी होता.

मी म्हटलं, "मी चालवते."

कोणी ऐकलं नाही. मी आत गेले, पेटीतून लायसन्स काढलं आणि बाहेर येऊन ते डॉक्टरांच्या हातात दिलं. ते त्यांनी उलटंपालटं करून पाहिलं. "बाई चालवतात," ते म्हणाले. सगळ्यांनी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांचा चेहरा दुखण्यानं पांढरा पडला होता.

पुढची सीट मागे पाडून ह्यांना आडवं केलं. मागे शेजारचे काका बसले, पाय धरून. कोणाच्याही चपला काढायच्या राहिल्या. गाडी बाहेर काढताना पहिल्याच उंचवट्यावर खालचा पत्रा खरवडला आणि हे ओरडले.

नागपूरपर्यंतचा तो रस्ता मी कधी विसरणार नाही. स्प्रिंगा कापलेल्या, त्यामुळे प्रत्येक खड्डा सरळ ह्यांच्या हाडात जात होता. मी जितकं हळू न्यावं तितका रस्ता लांबत होता, आणि जोरात न्यावं तर ते कळवळत होते. लोधीखेड्याचा फाटा मागे पडला. मी इंजिन ऐकत होते. काच खाली केली होती, कारण काळ्या फिल्ममधून कडेचे खड्डे दिसत नव्हते. राज्याच्या सरहद्दीच्या नाक्यापाशी रस्ता फार खराब होता. तिथं हे डोळे मिटून म्हणाले, "कापायला नको होत्या."

मी पुढचा खड्डा चुकवला.

बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं, "कोणी शिकवली?"

"दादानं."

"कधी?"

"मी बसनं जायची तेव्हा."

त्यांनी मान दुसरीकडे वळवली. मागचे काका मधून मधून रामराम म्हणत होते.

तीन महिने ह्यांचा पाय प्लास्टरमध्ये होता. दुकान मी पाहिलं, गाडीही मीच चालवत होते. खाट अंगणात शेडसमोर टाकलेली असे. एका सकाळी ते म्हणाले, "तुझ्या दादाला पत्र लिही. विचार, नवीन स्प्रिंगा टाकायच्या तर कोणत्या टाकायच्या." मला इतका आनंद झाला की पेन सापडेना. पत्रात मी स्प्रिंगांचं लिहिलं, ह्यांच्या पायाचं लिहिलं. मग खाली, पहिल्यांदाच, माझं लिहिलं. दुपारी घर किती मोठं वाटतं ते. शेजारीपाजारी जाणं बंद झालंय ते. त्या दिवशी चढावर मी गाडीसाठी रडले नव्हते, हेही लिहिलं. हे सगळं लिहून झाल्यावर लिफाफा चिकटवला आणि स्वतः जाऊन पोस्टाच्या पेटीत टाकला.

दीड महिन्यानं उत्तर आलं. जाड पाकीट होतं. पत्त्यावर ह्यांचं नाव होतं. आत चार पानं, दोन्ही बाजूंनी भरलेली. स्प्रिंगचं चित्र होतं, मापं होती, जाळी काढल्यावर दिवे कुठे बसवावे ते बाण काढून दाखवलं होतं. कार्बोरेटरचं वेगळं पान होतं. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं, "तिला सांगा, गाडी नीट चालवते हे ऐकून बरं वाटलं."

ती ओळ मी दोन-तीनदा वाचली. मग पानं ह्यांच्या हातात दिली.

हे पूर्ण बरे होईपर्यंत दोघांची पत्रं सुरू झाली होती. हे स्वतःच लिहायचे. जाळी गेली, टायर बदलले, नव्या स्प्रिंगा आल्या, गाडी पुन्हा उंच झाली. लाल-काळे पट्टे मात्र राहिले, दादानंही पुढे कबूल केलं की पट्टे वाईट दिसत नाहीत. संध्याकाळी मी गाडी घेऊन आले की हे विचारायचे, "चढावर कशी ओढते?" मी सांगायची, तिसऱ्यात जरा दबते. ते वहीत लिहून घ्यायचे, पत्रात टाकायला. आमचं रोजचं बोलणं असं वाढलं. मी ते बोलणंही हातचं जाऊ दिलं नाही. कधी कधी काही दबत नसलं तरी सांगायची.

दोन वर्षांनी दादा रजेवर आला. पांढुर्ण्याला आईजवळ एक रात्र राहून दुसऱ्या दिवशी सौंसरला आला. ह्यांनी दारातच त्याला मिठी मारली. मी पुरणाचा स्वयंपाक केला होता. जेवण झाल्या झाल्या दोघं शेडमध्ये गेले आणि बॉनेट उघडलं. दोघांची डोकी आत होती, नुसते आवाज येत होते. मी चहा नेला, परत आणला, गरम करून पुन्हा नेला.

"ठेव तिथं," दोघं एकदमच म्हणाले.

मी थोडा वेळ उभी राहिले. मग म्हटलं, "बॉनेट लावा. मला आईकडे जायचं आहे."

दोघांनी वर पाहिलं. "आता?" हे म्हणाले. "आताच तर खोललं."

"लावून द्या परत."

दादानं हातातला पाना खाली ठेवला. माझ्याकडे जरा निरखून पाहिल्यासारखं केलं, काही विचारेल असं वाटलं. मग वाकून म्हणाला, "दोन मिनिटं थांब, प्लग घट्ट करून देतो."

मी निघाले. संत्र्याच्या बागांमध्ये मृगाच्या बहराचं पाणी चालू होतं, रस्त्यावर कोणी नव्हतं. गाडी फार छान पळत होती, एका आवाजात, कुठे दबत नव्हती. पांढुर्ण्याला पोचले तेव्हा आई ओट्यावर वाती वळत बसली होती. गाडीमागे पाहत तिनं विचारलं, "एकटीच आली? दादा कुठं?"

"ह्यांच्यापाशी बसला आहे," मी म्हटलं.

आईनं वाती बाजूला सारून मला बसायला जागा केली. मी बसले. तिचं ऐकणं तोवर कमी झालं होतं, म्हणून मी काही सांगितलं नाही. तिच्या परातीतला कापूस घेतला आणि दिवस मावळेपर्यंत आम्ही दोघी वाती वळत राहिलो.